नोकरीचा बाँड मोडावा लागला तर: निकाल काय सांगतात आणि कागदावर काय करायचं

तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून टेबलावर मांडले. वर नेमणूकपत्र, त्याखाली स्टॅम्प पेपरवरचा बाँड, आणि सगळ्यात खाली चेकबुकाचं एक काउंटरफॉइल, म्हणजे चेक फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणारा तुकडा. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "कोरा दिला. सही केली." तारीख नाही, रक्कम नाही.

ती एका खासगी रुग्णालयात नर्स होती. बाँड दोन वर्षांचा, त्याआधी नोकरी सोडल्यास भरायची रक्कम दीड लाख. अकराव्या महिन्यात आई आजारी पडली आणि तिला गावी परतायचं होतं. रुग्णालयाने एका ओळीत उत्तर दिलं होतं: दीड लाख भरा, नाहीतर चेक बँकेत टाकू. माझ्याकडे येण्याआधी ती सराफाकडे जाऊन आली होती, गळ्यातलं गहाण ठेवलं तर किती मिळतील हे विचारायला.

पिंपरी-चिंचवडमध्ये गेली काही वर्षं मी लोकांची अशी कागदपत्रं वाचून त्यांना पत्रं लिहून देते. नर्स, सीएनसी ऑपरेटर, आयटीतली मुलं, शाळेतल्या शिक्षिका येतात. जवळजवळ प्रत्येक जण एकच समजूत घेऊन येतो: बाँडवर सही केली, म्हणजे त्यावरची रक्कम देणं लागतो. कायदा असं म्हणत नाही. बाँडवर छापलेला आकडा म्हणजे बिल नव्हे, तो जास्तीत जास्तचा आकडा असतो. त्याच्या आत किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे वेगळ्या गोष्टींवर ठरतं. त्याचबरोबर "बाँड बेकायदा असतात, काही होत नाही" असं सांगणारे मित्रही चूक सांगतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०२५चा निकाल त्यांनी वाचलेला नसतो.

पायरी १: सही केलेला प्रत्येक कागद मिळवा

ऑफर लेटर, नेमणूकपत्र, बाँड, कंपनीची धोरणं, ट्रेनिंगला पाठवल्याचे मेल, पगाराच्या स्लिपा. बाँडची प्रत दिली नसेल तर आज, नोकरीत असतानाच, मेल करून मागा. राजीनामा दिल्यावर कंपनीचं लॉगिन बंद होतं आणि मग आपलाच मेल आपल्याला दिसत नाही. ज्यावर तुमचा पगार, बढती, ट्रेनिंग यांबद्दल लिहिलं आहे ते मेल स्वतःपुरते जपून ठेवा. कंपनीचा गोपनीय डेटा, कोड, ग्राहकांच्या याद्या यांना मात्र हात लावू नका. त्यातून नवीच भानगड उभी राहते आणि तुमची चांगली बाजूही बिघडते.

आता वाचताना पेन्सिल घेऊन पाच ठिकाणी खूण करा. मुदत किती आणि ती कुठल्या तारखेपासून मोजायची. रक्कम किती आणि ती कशापोटी, म्हणजे "ट्रेनिंगचा खर्च", "भरतीचा खर्च" की नुसतंच "दंड". नोटीस किती दिवसांची. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये असं काही लिहिलंय का. वाद झाला तर कुठल्या शहरातलं न्यायालय किंवा लवाद (न्यायालयाबाहेर वाद मिटवणारा पंच).

स्टॅम्प पेपरबद्दल एक गैरसमज सतत भेटतो. मुद्रांक कमी होता किंवा नव्हताच, म्हणून बाँड रद्द, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की मुद्रांक न लावलेला करार पुरावा म्हणून चालत नाही, पण तो मुळातच शून्य ठरत नाही. शुल्क आणि दंड भरून ही उणीव दूर करता येते. त्यामुळे त्या एका मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

पायरी २: आपलं प्रकरण कुठल्या निकालाखाली येतं ते ओळखा

इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट: कोणतीही कंपनी तुम्हाला न्यायालयाच्या हुकमाने कामावर बसवून ठेवू शकत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ प्रमाणे व्यक्तीच्या स्वतःच्या कौशल्यावर अवलंबून असलेला करार जबरदस्तीने पार पाडून घेता येत नाही. मालकाला मागता येते ती नुकसानभरपाई. "राजीनामा मंजूरच करणार नाही" हे वाक्य ऐकून घाबरणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. तुमच्यावर शिस्तभंगाची चौकशी सुरू असेल किंवा सरकारी सेवानियम लागू असतील तर मात्र गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट, रक्कम. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ हा या सगळ्याचा कणा आहे. करारात आधीच ठरवलेली रक्कम असली, तरी करारभंग झाल्यावर मिळते ती "वाजवी" भरपाई, आणि ती त्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. १९६३ साली फतेहचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. २०१५च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालाने ते आणखी धारदार केलं. तो वाद दिल्ली विकास प्राधिकरणाशी होता. भिकाजी कामा प्लेसच्या एका भूखंडासाठी भरलेले ७८ लाख रुपये प्राधिकरणाने जप्त केले, आणि नंतर तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला. न्यायालयाने विचारलं, मग नुकसान कुठे झालं? पैसे परत करायला लावले. तत्त्व असं: नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. मोजणं अशक्य किंवा फार कठीण असेल तरच ठरवलेली रक्कम, तीही खऱ्या अंदाजाने ठरवलेली असेल तर, धरली जाते.

नोकरीच्या बाँडला हे कसं लागतं ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११च्या सिक्पा इंडिया प्रकरणात अगदी आकड्यांनिशी दिसतं. तीन वर्षांचा बाँड, रक्कम दोन लाख. कर्मचारी दोन वर्षांनी गेला. कंपनीने मागितले दोन लाख. ट्रेनिंगवर झालेला खर्च म्हणून सिद्ध झाले ६७,५९५ रुपये. तीनपैकी दोन वर्षं काम झालेलं, म्हणून न्यायालयाने त्याचा एक तृतीयांश धरला: २२,५३२ रुपये. मी हा हिशेब लोकांसमोर कागदावर मांडते तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा ताण उतरताना दिसतो.

तिसरी गोष्ट, तो २०२५चा निकाल. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या बाजूने निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे "बाँड वैध" असे मथळे झळकले. प्रकरण असं. बँकेने २००६ मध्ये अधिकाऱ्यांची भरती काढली. जाहिरातीतच अट होती की तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरावे लागतील. एक अधिकारी सप्टेंबर २००७ मध्ये रुजू झाला, जुलै २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, आणि ऑक्टोबरमध्ये हरकत नोंदवून दोन लाख भरले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

कारणं नीट वाचली पाहिजेत. एक, ही अट नोकरी चालू असतानाच्या काळापुरती होती, म्हणून ती करार अधिनियमाच्या कलम २७ खालचा (म्हणजे कुणाला कामधंदा करण्यापासून रोखणारे करार शून्य ठरवणाऱ्या कलमाखालचा) व्यवसायाला मज्जाव ठरत नाही. हा भाग खासगी कंपन्यांनाही लागू पडतो. दोन, सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेला कुणी सोडून गेलं की वाटेल तसा माणूस नेमता येत नाही. जाहिरात, परीक्षा, मुलाखती हे सगळं पुन्हा करावं लागतं, त्यात पैसा आणि वेळ जातो. म्हणून ती अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही. तीन, त्या पदाच्या पगाराकडे पाहता दोन लाख ही रक्कम राजीनामा देणं अशक्यच करून टाकणारी नाही.

याच निकालात कामगाराच्या उपयोगाचा जो भाग आहे तो मथळ्यात आला नाही. आधीच छापून ठेवलेला, "इथे सही करा" म्हणून पुढे सरकवलेला नोकरीचा करार हा दोन बाजूंची ताकद असमान असल्याचा प्रथमदर्शनी पुरावा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. दुबळ्या बाजूने जबरदस्तीची किंवा सार्वजनिक धोरणाची तक्रार केली, तर ती असमानता लक्षात घेऊन तपासायची. आणि बंधन घालणारी अट योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. तेव्हा खासगी रुग्णालयाने किंवा कॉल सेंटरने विजया बँकेचं नाव घेऊन नोटीस पाठवली, तर त्याच निकालाचा आधार घेऊन त्यांना विचारता येतं: तुमचा भरतीचा खर्च किती, आणि वीस हजार पगाराच्या माणसाला दीड लाख ही रक्कम वाजवी कशी?

चौथी गोष्ट, "सोडल्यावर दोन वर्षं आमच्या स्पर्धकाकडे जायचं नाही". इथे नोकरीच्या आतलं आणि नंतरचं असा फरक करा. आतलं बंधन चालू शकतं. याचं मूळ आपल्या कल्याणमध्ये आहे. सेंच्युरी स्पिनिंगच्या तिथल्या कारखान्यात टायर कॉर्डचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून गोपनीयतेच्या अटीवर आणलेलं होतं. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, आणि तो अर्ध्यात सोडून तसंच काम करणाऱ्या राजस्थानातल्या कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरचा मनाई हुकूम कायम ठेवला, पण तो कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता आणि त्याच प्रकारच्या कामापुरता. पुन्हा सेंच्युरीत काम कर, असं कुणी म्हटलं नाही. तुमचा करार ठरावीक मुदतीचा असेल आणि तुमच्या हातात खरंच एखादी गुप्त प्रक्रिया असेल, तर हा धोका खरा आहे. अशा वेळी थेट स्पर्धकाकडे जाण्याआधी वकिलाला विचारा.

नोकरी संपल्यानंतरचं बंधन मात्र कलम २७ प्रमाणे सहसा टिकत नाही. २००६ मध्ये परसेप्ट डी'मार्क या कंपनीचा क्रिकेटपटू झहीर खानशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. करार संपल्यावरही नवा करार करण्याआधी आम्हालाच विचारायचं, अशी अट होती. न्यायालयाने ती अमलात आणू दिली नाही. श्रीरामपूरच्या या पोराच्या नावाने सांगितलं की लोकांना कलम २७ लगेच ध्यानात राहतं. गोपनीय माहिती न फोडण्याची जबाबदारी मात्र नोकरी संपल्यावरही राहते.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे सेवा-बाँड हा निराळा विषय आहे. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवले आहेत. डॉक्टरांनी वरचे आडाखे तिथे लावू नयेत.

पायरी ३: स्वतःचा हिशेब मांडा

कोरा कागद घ्या. समजा बाँड २४ महिन्यांचा, रक्कम दोन लाख. कंपनीने तुम्हाला बाहेरच्या संस्थेत पाठवलं, तिची फी, प्रवास आणि राहणं मिळून ६० हजार झाले. तुम्ही १६ महिने काम केलंत. उरले ८. मग ६०,००० ला ८ ने गुणून २४ ने भागा: २०,०००. तुमची वाजवी देणी साधारण इथे येतात, दोन लाखांवर नव्हे.

आता स्वतःला खरं उत्तर द्या: ट्रेनिंग खरंच झालं का? बाहेरची संस्था, प्रमाणपत्र, बिलं, परदेशवारी असेल तर तो खर्च आहे, आणि तो नाकारणं बरोबर नाही. तुमच्यावर खर्च करून शिकवणाऱ्या छोट्या उद्योजकाचंही नुकसान होतं. त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत, असं मी अगदी मनापासून मानते. पण माझ्यासमोरच्या नर्सचं "ट्रेनिंग" म्हणजे सीनियर सिस्टरबरोबर दहा दिवस वॉर्डात ड्युटी. त्या दहा दिवसांत तिने सलाईन लावली, ड्रेसिंग केलं, रात्रपाळ्याही केल्या. रुग्णालयाने त्या कामाचे रुग्णांकडून पैसे घेतले असणार. अशा कामाची ओळख करून देणं हा मालकाचा नेहमीचा खर्च आहे, तो बाँडखाली वसूल करण्यासारखा नाही, हे ठामपणे मांडता येतं.

नोटीस पिरियडचे पैसे हा वेगळा आकडा, तो वेगळा लिहा. एक महिन्याची नोटीस द्यायची होती आणि दिली नाही, तर तेवढा पगार कंपनी मागू शकते. बाँडचे आणि नोटिशीचे पैसे एकत्र करून मोठा आकडा सांगायची पद्धत आहे. दोन्ही सुटे करायला लावा. त्यावर कुणी १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर ३ ऑगस्ट २०२२चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक, क्रमांक १७८, दाखवा. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

पायरी ४: राजीनामा लेखी, आणि नोटीस पूर्ण

न सांगता कामावर जाणं बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याने तुमची बाजू "पळून गेला" अशी होते. राजीनामा मेलने द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. मजकूर लांबवू नका:

"मी अमुक तारखेपासून राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार ३० दिवसांची नोटीस मी पूर्ण करीन. माझा शेवटचा दिवस तमुक तारीख असेल. काम कुणाकडे सोपवायचं ते कळवावं."

कारण लिहायची सक्ती नाही. भावनेच्या भरात "तुमचा करार मोडत आहे" असं काही लिहू नका. नोटिशीच्या काळात रोज काय काम सोपवलं त्याचा दोन ओळींचा मेल टाकत जा. लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रेस, चावी परत केल्याची सही घ्या.

पायरी ५: वसुलीचं पत्र आलं की उत्तर द्या

बहुतेक लोक इथे गप्प बसतात किंवा फोनवर रडून माफी मागतात. दोन्ही नको. पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर पाठवा, मेलने आणि स्पीड पोस्टने, पावती सांभाळून. नर्ससाठी आम्ही लिहिलेलं पत्र जवळपास असं होतं:

"आपण मागितलेली रु. १,५०,००० ही रक्कम मला मान्य नाही. माझ्या प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा तपशील व बिलं, तसंच माझ्या जाण्याने झालेल्या नुकसानीचा तपशील द्यावा. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे केवळ वाजवी भरपाई देय असते. मी ११ महिने सेवा केली आहे. माझ्याकडून घेतलेला, तारीख व रक्कम नसलेला चेक क्रमांक अमुक हा कोणत्याही ठरलेल्या देण्यापोटी दिलेला नाही. तो परत करावा व बँकेत भरू नये. देय पगार व अनुभवपत्र द्यावं. माझे सर्व हक्क राखून हे पत्र देत आहे."

चेकचा भाग गंभीरपणे घ्या. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकमध्ये पुढे कुणी रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच होता असं न्यायालय गृहीत धरून सुरुवात करतं. ते खोडून काढायचं काम तुमचं. म्हणून चेक वटवायला टाकण्याआधीच वरचं पत्र पाठवलेलं असणं फार मोलाचं ठरतं. चेक न वटता परत गेला आणि त्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. त्यानंतर फौजदारी तक्रार होऊ शकते. ही नोटीस आली की वकिलाकडे त्याच दिवशी जा. नुसतं बँकेत "स्टॉप पेमेंट" केल्याने कलम १३८ टळत नाही.

नवी नोकरी लागून गेली आहे, रिलीव्हिंग लेटरसाठी गळा धरलाय, पैसे भरण्याशिवाय इलाज नाही, असं झालं तर भरा. पण भरण्याआधी मेल करा की "हरकत नोंदवून व हक्क राखून भरत आहे". विजया बँकेच्या अधिकाऱ्याने नेमकं हेच केलं होतं. तो शेवटी हरला, पण हरकत नोंदवून भरल्यामुळे पैसे भरल्यानंतरही त्याला दाद मागता आली.

मूळ मार्कशीट आणि डिग्री अडकवून ठेवल्या असतील, तर त्या मागणारं वेगळं पत्र द्या. एकाच पत्रात सगळं कोंबू नका. मूळ कागद ही तुमची मालमत्ता आहे आणि बाँडच्या पैशांसाठी तारण म्हणून ठेवून घ्यायचा हक्क मालकाला नाही.

पायरी ६: पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी" ही एचआरची सवय आहे, कायदा नव्हे. पगारातून कशाकशाची कपात करता येते त्याची यादी कलम १८ मध्ये आहे. बाँडची रक्कम त्यात नावाने कुठेही नाही, आणि एकूण कपातीला निम्म्या वेतनाची मर्यादा आहे.

पीएफ अडवण्याचा अधिकार मालकाला नाही. कंपनी सोडल्याची तारीख भरत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर ती तुम्ही स्वतः भरू शकता. ग्रॅच्युइटी कधी रोखता येते हेही कायद्यात ठरलेलं आहे, ते गैरवर्तनामुळे कामावरून काढल्याच्या प्रसंगांसाठी. बाँड मोडून दिलेला राजीनामा त्यात बसत नाही.

करार मालकानेच मोडला असेल तर

ठरलेला पगार न देणं, नोटीस न देता काढणं, दोन वर्षांच्या कराराला आठव्या महिन्यात कात्री लावणं, हाही करारभंगच. इथे तुम्ही कायद्याच्या भाषेत "कामगार" आहात का, हा कळीचा प्रश्न. हाताने, यंत्रावर, कारकुनी किंवा तांत्रिक काम करणारा कामगार ठरतो. व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिन्याला १८ हजारांवर वेतन घेणारे पर्यवेक्षक त्याबाहेर राहतात. हुद्द्याचं नाव काय आहे यापेक्षा रोज काय करता ते पाहिलं जातं. कार्डावर "एक्झिक्युटिव्ह" छापलेला मुलगा दिवसभर बिलं टाइप करत असेल तर तो कामगार ठरू शकतो.

कामगार असाल तर पुन्हा कामावर घेण्याचा आणि काढल्यापासूनच्या मधल्या काळाच्या पगाराचा हुकूम मिळू शकतो. खासगी कंपनीत व्यवस्थापक असाल तर ते सहसा होत नाही. करारात नोटिशीची तरतूद असेल तर भरपाईही साधारण नोटिशीच्या पगाराएवढीच मिळते. हे १९५७ पासूनचं सर्वोच्च न्यायालयाचं धोरण आहे, आणि मला ते अनेकदा अपुरं वाटतं. पंधरा वर्षं घातलेल्या माणसाला एका महिन्याच्या पगारावर घरी पाठवलं की त्याचं खरं नुकसान त्या आकड्यात कुठेच येत नाही. सरकारी कंपन्यांत चित्र बरं आहे. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या प्रकरणात, कायम कर्मचाऱ्याला कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. सही करण्यावाचून पर्यायच नसलेल्या माणसावर असा नियम लादणं सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असं तेव्हा ठरलं.

मधल्या पगाराबद्दलचा महत्त्वाचा निकाल आपल्याकडचाच आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमधल्या एका प्राथमिक शिक्षिकेला २००७ मध्ये संस्थेने काढलं. शाळा न्यायाधिकरणाने तिला परत घ्यायला आणि मागचा पगार द्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला: चुकीने काढलेल्या कर्मचाऱ्याला मागच्या पूर्ण पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. त्यासाठी मधल्या काळात आपण कुठे पगारी नोकरीत नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो, हे आपल्या अर्जात आधी लिहावं लागतं. मग ते खोटं ठरवायचा भार मालकावर जातो. ही एक ओळ अर्जात नसल्याने अडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती विसरू नका.

दाद कुठे, कधीपर्यंत

पगार थकला असेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार, पोच घेऊन. करारभंगाच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, दोन्ही बाजूंना. म्हणजे कंपनीही पाच वर्षांनी उठून दावा टाकू शकत नाही.

कुठल्या शहरात, ही अट नव्याने महत्त्वाची झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात, नेमणूकपत्रात फक्त मुंबईची न्यायालयं असं लिहिलेलं होतं. पाटणा आणि दिल्लीत दावे लावलेल्या कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला जायला सांगितलं. नांदेडच्या शाखेत काम करणाऱ्याने नेमणूकपत्राचं शेवटचं पान सही करण्याआधी वाचावं ते यासाठी. लवादाची अट असेल आणि कंपनीने एकटीनेच आपल्या पसंतीचा लवाद नेमला असेल, तर पहिल्याच पत्रात त्याला हरकत घ्या. अशी एकतर्फी नेमणूक न्यायालयं मानत नाहीत.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. समन्स हातात पडलं की लगेच तिथे जा. तारखेला कुणी हजर झालं नाही तर एकतर्फी हुकूम होतो, आणि मग बाँडवरचा छापील आकडा खरोखरच बिल होऊन बसतो.

तडजोड झाली तर

बरीच प्रकरणं दाव्यापर्यंत जात नाहीत. नर्सच्या पत्राला रुग्णालयाने दोन आठवड्यांनी उत्तर दिलं. ट्रेनिंगचा तपशील नव्हता, दीड लाखांचा उल्लेखही नव्हता. एका महिन्याच्या नोटिशीचा पगार भरा, अनुभवपत्र देतो, एवढंच. तिने नोटीस दिलीच नव्हती, त्यामुळे ते रास्त होतं. तिने थकलेल्या पगारातून ते वळते करायला संमती दिली, लेखी.

तडजोडीच्या कागदावर "यापुढे दोन्ही बाजूंचं एकमेकांकडे काहीही येणं नाही" हे वाक्य असलंच पाहिजे, आणि बाँडची मूळ प्रत व चेक क्रमांकासह परत मिळाल्याचा उल्लेखही. चेक हातात आल्याशिवाय सही करू नका. "हेड ऑफिसला आहे, पाठवून देतो" असं म्हणाले तर सही पुढच्या आठवड्यात. ती तिसऱ्या फेरीला चेक घेऊन आली. आम्ही काउंटरफॉइलवरचा क्रमांक जुळवून पाहिला, चेकवर दोन आडव्या रेघा मारून "रद्द" लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि तो बाँडच्या मागे टाचून फोल्डरमध्ये ठेवला.